चान्स किती आहे रे?

सीईटीचा निकाल लागला की माझ्या मोबाईलला गावाकडचे फोन सुरू होतात. एरवी येतात ते क्रेडिट कार्डवाल्यांचे, नाहीतर रात्री साडेनऊला 'क्विक कॉल' लावणाऱ्या मॅनेजरचे. पण जून-जुलैत पिंपरी पेंढारचे. कल्याण-नगर रस्त्यावर, आळेफाट्याच्या अलीकडे आमचं गाव. आता गावात घरटी एक पदवीधर सापडेल, पण आमच्या भावकीत इंजिनिअर होऊन हिंजवडीला चिकटलेला मी पहिला. त्यामुळे दूरचे मामा, शाळेतले सर, चुलत्याच्या मित्राचा साडू... कुणाचाही फोन येतो, आणि प्रश्न एकच. "पोराला अमुक पर्सेंटाईल पडलेत, चान्स किती आहे रे?"

आणि मी उत्तर द्यायचो. आव आणून द्यायचो. लॅपटॉपवर मागच्या वर्षीच्या कटऑफचा पीडीएफ उघडायचा, खाली-वर करायचं, आणि डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बोलतो तसं म्हणायचं, "हं... कठीण आहे. पण बघू."

आजच्या वीकेंडला थोडं चिडून लिहितोय, कारण यात मीही गुन्हेगार आहे. म्हणणं एवढंच : आपल्याकडच्या कॅप राउंडमध्ये फॉर्म भरताना 'चान्स किती' हा प्रश्न वरच्या पर्यायांसाठी विचारायचाच नसतो. विचारला की नुकसान होतं. आणि तो प्रश्न विकून पोट भरणारी एक मोठी जमात आपण सगळ्यांनी मिळून पोसली आहे.

तर झालं असं. २०२५ ला माझ्या चुलतभावाची बारावी झाली. सीईटीला ९८ आणि वर काही दशांश. पोरगं हुशार, पण अबोल. त्याला एका विशिष्ट कॉलेजात एक विशिष्ट ब्रँच हवी होती (नावं मुद्दाम देत नाही), आणि ती कॉम्प्युटर नव्हती. मला फोन आला तेव्हा मी क्लायंट कॉलवर होतो. म्यूट करून म्हणालो, "चान्स कमी वाटतोय रे. काकांनी तो काउन्सेलर लावलाय ना, त्याचं ऐक." एक मिनीट दहा सेकंद. कॉल लॉगमध्ये अजून आहे ते.

काउन्सेलर पुण्यातला. फी पंधरा हजार. त्याच्याकडे एक ॲप, त्यात पर्सेंटाईल टाकलं की प्रत्येक कॉलेजपुढे टक्के येतात आणि रंग येतो. हिरवा, पिवळा, लाल. भावाच्या आवडीच्या जागेपुढे आलं २४ टक्के. लाल. काउन्सेलर म्हणाला, "पहिला पर्याय वाया घालवायचा नसतो." आणि त्याने एका खासगी कॉलेजचं कॉम्प्युटर पहिल्या नंबरवर टाकलं. ८१ टक्के, हिरवं. लालातली नावं गाळूनच टाकली, "यादी क्लीन" केली.

पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय लागला. घरात पेढे वाटले. आणि २०२५-२६ च्या प्रवेशात नवा नियम होता तो असा, की पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीज होते. पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या. मग पहिल्या फेरीचे कटऑफ जाहीर झाले. भावाला हवी होती ती जागा त्याच्या मेरिट नंबरच्या खाली जाऊन बंद झाली होती. म्हणजे नाव नुसतं वर लिहिलं असतं तर ती त्याला मिळाली असती. २४ टक्के नाही, शंभर टक्के.

त्याने मला फक्त त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

आता 'पहिला पर्याय वाया जातो' हे किती चूक आहे ते नीट बघू, कारण हे वाक्य तुम्हीही कुणाला तरी ऐकवलं असेल. लग्नाच्या बुफेची रांग डोळ्यांसमोर आणा. रांग मेरिटप्रमाणे लागलेली. तुमचा नंबर आला, तुम्ही म्हणालात गुलाबजाम. वाढपी म्हणाला, संपले. मग तो तुम्हाला रांगेच्या शेवटी पाठवतो का? नाही. तिथेच उभं ठेवून विचारतो, दुसरं काय? श्रीखंड? श्रीखंड घ्या. गुलाबजाम मागितले म्हणून श्रीखंडावरचा तुमचा हक्क कणभरही कमी झालेला नाही. तुमच्या मागचा माणूस श्रीखंडच 'पहिला पर्याय' म्हणून ओरडत असला, तरी तो मागेच आहे.

कॅपचं सॉफ्टवेअर साधारण असंच चालतं. मेरिट यादीतला एकेक उमेदवार घ्यायचा, त्याच्या यादीत वरून खाली जायचं, त्याला लागू असलेल्या प्रकारात जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती द्यायची. आरक्षण, होम युनिव्हर्सिटी वगैरेंमुळे आत गुंतागुंत आहे, पण गाभा हा. दोन लूप आहेत हो, एकात एक! आपण इंजिनिअर लोक दिवसभर हेच लिहितो आणि घरच्या पोराचा फॉर्म भरताना ज्योतिषी होतो.

अशा पद्धतीत आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमाने यादी लिहिणं हीच सगळ्यात फायद्याची चाल ठरते. ही माझी अक्कल नाही. गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ ला कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवणं यांचं गणित एकाच निबंधात मांडलं. त्यातून पुढे जागावाटपाचं एक शास्त्रच उभं राहिलं, आणि २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना याच विषयासाठी मिळालं. (गेल २००८ ला गेले होते.)

मग 'वाया जातो' ही समजूत आली कुठून? ती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या सरकारी शाळांमध्ये २००५ पर्यंत वेगळी पद्धत होती. आधी सगळ्यांचे पहिले पर्याय बघायचे, जागा वाटून टाकायच्या, मग उरलेल्या जागांवर दुसरे पर्याय. तिथे पहिला पर्याय हुकला की दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरलेली असायची. चतुर पालक आवडीची शाळा न लिहिता 'मिळण्यासारखी' लिहायचे, आणि ज्यांना ही ग्यानबाची मेख माहीत नाही त्यांची मुलं मागे पडायची. हा अन्याय लक्षात आल्यावर बॉस्टनने ती पद्धत बदलली. आपली कॅप तशी नाही. पण आपला काउन्सेलर अजून बॉस्टनमध्येच राहतो.

दुसरं मूळ आपल्या जवळचं आहे. एमएसला जाणाऱ्या मित्रांच्या याद्या आठवतात? ॲम्बिशस, मॉडरेट, सेफ. तिथे हे बरोबर आहे. प्रत्येक अर्जाला डॉलरमध्ये फी, प्रत्येकाला वेगळा निबंध, आणि आत कोण काय बघून निवडणार ते कळायला मार्ग नाही. माणूस आठ-दहाच अर्ज करू शकतो, मग अंदाज घ्यावाच लागतो. तेच तीन शब्द उचलून कन्सल्टंट मंडळींनी कॅपला चिकटवले. इथे एकाच अर्जात तीनशेपर्यंत पर्याय लिहिता येतात, जास्त लिहायला एक रुपया पडत नाही, आणि निवडणारा माणूस नाही, मेरिट नंबर आहे.

आता त्या रंगीत टक्क्यांकडे येतो. माझा खरा राग तिथे आहे.

२४ टक्के म्हणजे काय? आकडा कुठून आला? ॲपकडे असतं काय, तर गेल्या दोन-तीन वर्षांचे कटऑफ. कटऑफ म्हणजे कॉलेजने लावलेली उंचीची पट्टी नव्हे. त्या वर्षी त्या जागेवर शेवटी जो मुलगा आला त्याचा नंबर, एवढंच. पुढच्या वर्षी शेवटचा मुलगा वेगळा. तीन वर्षांचे तीन आकडे घेऊन त्यातून टक्केवारी काढणारा माणूस माझ्या टीममध्ये असता तर कोड रिव्ह्यूला उभा सोलला असता.

बरं, ते तीन आकडेही एका मापाचे नाहीत. पर्सेंटाईल म्हणजे गुण नव्हेत, तुमच्या खाली शंभरातले किती जण आहेत ते. २०२४ ला पीसीएम ग्रुपची परीक्षा सुमारे तीन लाख मुलांनी दिली, २०२५ ला चार लाखांच्या वर. म्हणजे ९९ पर्सेंटाईलवाल्याच्या पुढे एका वर्षी साधारण तीन हजार, तर दुसऱ्या वर्षी चार हजारांहून जास्त. पर्सेंटाईल तेच, रांगेतली जागा हजाराने मागे. उलट दिशेनेही गोष्टी घडल्या. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. त्याच वर्षी एसईबीसीचं १० टक्के आरक्षण आलं, प्रवर्गांचे आकडे हलले. २०२५-२६ ला तीनाच्या चार फेऱ्या झाल्या. या सगळ्यातून मागच्या वर्षीची रेघ पुढे ओढून '८१ टक्के' सांगणं म्हणजे नारायणगावच्या बाजारात गेल्या वर्षी टोमॅटोला काय भाव होता यावरून यंदाचा भाव ठरवणं. आमच्याकडचा शाळकरी पोरगाही तो मूर्खपणा करणार नाही.

यातला एकही ॲपवाला एक गोष्ट कधी छापत नाही. ज्या हजार मुलांना तुम्ही '२४ टक्के' सांगितलं, त्यांतल्या किती जणांना ती जागा मिळाली? हवामान खात्याला आपण वर्षानुवर्षं हसत आलो, पण त्यांचा अंदाज चुकला की दुसऱ्या दिवशी अंगण सांगतं. यांचा चुकला तर कळत नाही, कारण त्यांचं ऐकून पोराने ते नाव लिहिलेलंच नसतं. लिहिलं नाही म्हणून मिळालं नाही, आणि मिळालं नाही म्हणून अंदाज बरोबर! असा धंदा आपल्याला सुचायला हवा होता.

माझाच दाखला देतो. मी २०१६ चा. त्याआधी दोन वर्षं, २०१४ आणि २०१५ ला, राज्यात इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेन आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरून झाले होते. २०१६ ला सरकारने पुन्हा आपली सीईटी आणली. म्हणजे आमच्या हातात मागच्या वर्षीचे जे कटऑफ होते ते वेगळ्याच फूटपट्टीचे, रद्दी. कुणालाच कुणाचा चान्स सांगता येईना. मग काय केलं? आळेफाट्याच्या सायबर कॅफेत बसून जे आवडतं ते वर, जे चालेल ते मधे, आणि जे नाइलाजाने चालेल ते खाली लिहिलं. कुणाचं आकाश कोसळलं नाही. माझ्या यादीत माझी जागा सातव्या नंबरची निघाली. वरची सहा 'वाया' गेली. कुठे गेली ती? एक मिनिटाचं टायपिंग गेलं.

इथे कोणीतरी म्हणेल, अरे पण म्हणजे अंदाजाला काहीच अर्थ नाही का? आहे. यादीच्या तळाशी आहे. शेवटच्या वीसेक ओळींत अशी कॉलेजं हवीत जी जवळपास नक्की मिळतील, नाहीतर पोरगं कोरं राहील. तिथे मागचे कटऑफ जरूर बघा, थोडे सैल धरून बघा. अकरावीच्या ऑनलाईन प्रवेशात दहाच पर्याय भरायचे असतात, तिथेही थोडा हिशेब लागतो, कारण दहाच्या दहा आभाळातले लिहिले तर पंचाईत. आणि घरालाही अंदाज लागतो, हे मला शहरात राहून विसरायला झालं होतं. काकांची कांद्याची चाळ भरलेली होती. जुलैत फी भरायची वेळ आली तर कांदा आत्ता काढावा लागणार, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबता येतं. भाव चढेल की चाळीतच सडेल ते देवाला माहीत. त्यांना 'चान्स किती' विचारायचं होतं ते यासाठी : पैसे किती आणि कधी लागतील? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर रंगीत टक्क्यांत नव्हतं, कॉलेजांच्या फीच्या तक्त्यात होतं. तो तक्ता काढून द्यायला मला अर्धा तास लागला असता.

वरच्या ओळींबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. उलट २०२५ च्या त्या नियमाकडे नीट बघा. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळालं तर फ्रीज. आता काउन्सेलरने 'अशक्य' नावं गाळली की काय होतं? मधली, बरी वाटणारी कॉलेजं सरकत वर येतात, पहिल्या सहात शिरतात, आणि पोरगं लवकर अडकतं. पुढच्या फेऱ्यांत लोक आयआयटी-एनआयटीला निघून जातात, जागा मोकळ्या होतात, पण हा खेळातून बाद झालेला असतो. आवडती आणि अशक्य वाटणारी नावं वर असणं ही खरं तर ढाल आहे. मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाली तर पुढच्या फेरीचं दार उघडं. पंधरा हजार घेऊन त्या माणसाने आमच्या पोराची ढाल काढून घेतली.

तो माणूस लबाड होता असंही मला वाटत नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे. त्याला ऑफिसबाहेर बोर्डावर लिहायचं असतं, 'आमच्या इतक्या टक्के विद्यार्थ्यांना पहिला पर्याय मिळाला'. पहिला पर्याय मिळवून देण्याचा सोपा उपाय कोणता? पहिला पर्याय हलका लिहायला लावायचा. झालं. पालक खूश, बोर्ड खूश.

आणि आपण? कोथरूडच्या पोराच्या सोसायटीत चार जण कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचे निघतात. त्याला कोणीतरी संध्याकाळी पार्किंगमध्ये सांगतं, "वेडा आहेस का, आवडतं ते वर टाक." पिंपरी पेंढारच्या पोराला सांगणारा मी एकटा, आणि मी म्यूट करून चान्स सांगतो. कटऑफच्या पीडीएफमध्ये जागेच्या प्रकाराचे जे कोड असतात, पुढचा जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींसाठी, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यपातळी, हे गावातल्या किती जणांना माहीत असतं? जुन्नर तालुका पुणे विद्यापीठात येतो, तेव्हा आपल्या पोराने पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत एचचा रकाना बघायचा. काही जण ओचा बघून घाबरतात आणि नाव खोडतात. हे सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि यात भविष्य एकही सांगावं लागत नाही. नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी, कोणता कागद कधीपर्यंत हवा, तो नसेल तर खुल्यात गणतात का... पोरांच्या जागा खरोखर जातात त्या इथे. याबद्दल मला आजवर एकाही फोनवर कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःहून सांगितलं नाही. चान्स सांगण्यात जो रुबाब आहे तो कागद सांगण्यात नाही ना!

भाऊ आता कॉम्प्युटर करतोय. बरं चाललंय म्हणतो. दिवाळीत भेटला तेव्हा त्या फॉर्मबद्दल मीच विषय काढला. "जाऊ दे दादा, तुलाही कामं असतात," म्हणाला. हे त्याने टोचायला म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी गावाला गेलो होतो. शेजारच्या काकांची मुलगी यंदा बारावीला आहे. काका ओट्यावर बसले होते, चहा झाला, बिबट्याच्या गप्पा झाल्या (आमच्याकडे त्याशिवाय बैठक पुरी होत नाही), आणि मग अपेक्षेप्रमाणे आलंच. क्लासवाले म्हणतात ९५ च्या पुढे जाईल, तर चान्स किती? कोणीतरी त्यांना मॅनेजमेंट कोट्यातून आत्ताच जागा धरून ठेवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, काका, ते आधी थांबवा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी सरकारने २०२४-२५ पासून माफ केली आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. कोट्यातून घेतलात तर ती गेली. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं.

मग मी विचारलं, "तिला स्वतःला काय हवंय? कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच?"

काका जरा गप्प झाले. "ते नाही विचारलं अजून," म्हणाले. "आधी चान्स कळला की विचारू म्हटलं."

ती आत अभ्यास करत होती. मी म्हटलं, हाक मारा तिला.